तहान, साठा आणि आमचे साडू

मध्य प्रदेशातल्या आमच्या साऱ्या पांढुर्णा जिल्ह्यात 'दोन्ही एकच' हे शब्द आमच्या साडूंइतके गंभीरपणे कोणी घेतले नसतील. इतर लोक हे शब्द भाजीवाल्यापाशी वापरतात, सोयरीक जुळवताना वापरतात, भांडण मिटवायला वापरतात आणि विसरून जातात. आमच्या साडूंच्या कानावर ते पडले, की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जातो, मान एका बाजूला कलते आणि अगदी मऊ आवाजात प्रश्न येतो, "एकच? ते कसं काय?" हा प्रश्न आला, की समजावं, चहा थंड होणार, बस निघून जाणार आणि ज्या बिचाऱ्यानं ते शब्द उच्चारले तो पुढच्या वेळी साडूंना दुरून पाहूनच रस्ता बदलणार. छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सगळीकडे फटाके वाजत होते, आणि हे माझ्या दुकानात बसून मला विचारत होते, "साडभाऊ, छिंदवाडा जिल्ह्यातलं सौंसर अन् पांढुर्णा जिल्ह्यातलं सौंसर, हे एकच गाव म्हणायचं का?" माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक समोर उभं होतं. गिऱ्हाईक गेलं, प्रश्न राहिला.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौंसरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतात. वर्गात हिंदी, घरी वऱ्हाडी, आणि विचार कुठल्या भाषेत करतात ते त्यांनाही ठाऊक नाही. उंच, किडकिडीत, दिवाळीपासून होळीपर्यंत डोक्याला कानटोपी. ही टोपी ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, विणलेली आहे आणि ती घातली की त्यांना समोरचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. तरी 'दोन्ही एकच' एवढं मात्र टोपीतूनही नेमकं ऐकू येतं.

त्यांचा मूळ प्रश्न साधा आहे, निदान ते तसं म्हणतात. एकाच गोष्टीचं दोन शास्त्रांनी दोन प्रकारे स्पष्टीकरण दिलं, आणि दोघांची उत्तरं जुळली, तर ती दोन शास्त्रं एकच आहेत असं केव्हा म्हणायचं? लोक म्हणतात, उत्तर जुळलं की झालं. साडू म्हणतात, झालं नाही. ते आपल्या मनगटावरचं चावीचं घड्याळ काढतात, भिंतीवरच्या सेलच्या घड्याळापाशी धरतात आणि विचारतात, "दोघांचे काटे बरोबर चालून राहिले. म्हणून आतली मशीन एकच झाली का?" मग दोन शास्त्रं एकच केव्हा? तर एकाचं प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या भाषेत नेता आलं पाहिजे, तिथून पुन्हा पहिल्या भाषेत आणता आलं पाहिजे, आणि जसं गेलं तसंच परत आलं पाहिजे. वाटेत काही सांडलं, किंवा काही जास्तीचं चिकटून आलं, तर दोन्ही सारखी असतील, पण एक नाहीत. एवढंच त्यांचं म्हणणं. पण या एवढ्याशा म्हणण्यानं आमच्या नातलगांचे किती तास गेले, ते विचारू नका.

माझ्या मुलीच्या लग्नाची गोष्ट. आमच्याकडे पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी छापतात. मी मराठी मजकूर लिहिला आणि साडूंना म्हटलं, "याचं हिंदी करून द्या, दोन्हीकडे एकच मजकूर हवा." हा 'एकच' माझ्या तोंडून निसटला. त्यांनी मजकूर एका जुन्या गुरुजींकडून हिंदीत करवून घेतला आणि ती हिंदी दुसऱ्या एका बाईंना देऊन तिचं परत मराठी करवलं. गुरुजी जुन्या वळणाचे. त्यांच्या लेखी कुटुंब म्हणजे बायको. त्यामुळे 'सहकुटुंब यावे' असं गेलेलं वाक्य 'पत्नीला घेऊनच यावे' असं होऊन परत आलं. साडू तो कागद घेऊन दुकानात आले. चेहरा असा, की जणू कुणी आजारी आहे. "साडभाऊ, मामाजींच्या बायकोले जाऊन किती वर्षं झाली. ते काय करतील?" मी म्हटलं, अहो, लोकांना कळतं. ते म्हणाले, "लोकायले कळते हे बरोबर आहे. पण वाक्य परत नाई आलं." पत्रिका उशिरा छापल्या, पण सांगायला आनंद वाटतो, की आमच्या लग्नात कोणीही विधुर रुसला नाही.

घरात तर त्यांनी झुणक्याचा आणि पिठल्याचा प्रश्न एका बैठकीत निकालात काढला होता. ताई एकदा सहज म्हणाल्या, "आज झुणका आहे, पिठलं म्हणा, एकच." साडूंनी ताट बाजूला सारलं, झुणक्यात गरम पाणी घातलं, ढवळलं आणि म्हणाले, "हे पाहा. इकडून तिकडं जाता येते." मग ते पातेलं पुन्हा चुलीवर चढवून आटवत बसले. आटवून आटवून जे उरलं त्याला ताईंनी अजून नाव दिलेलं नाही. साडू मात्र समाधानानं म्हणाले, "परत येता नाई आलं. म्हणून एक नाई." त्या दिवशी ते उपाशी शाळेत गेले, पण ताई सांगतात, जाताना शीळ वाजवत होते.

वर्गात ते एकच गणित दोनदा शिकवतात. दोरीला बांधलेला गोळा झोके घेतो आहे, तर तळाशी त्याचा वेग किती. एकदा बलाच्या वाटेनं, एकदा ऊर्जेच्या वाटेनं. उत्तर तेच आलं की मुलं वह्या मिटायला लागतात, आणि साडू विचारतात, "आता सांगा, ये दो हिसाब हैं या एक?" त्यात तास संपतो. अभ्यासक्रम मागं पडला म्हणून एक पालक तक्रार घेऊन आले होते. साडूंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. ते पालक शेवटच्या घंटेपर्यंत बसले आणि जाताना तक्रार करायची विसरून गेले. पण मुलं चांगल्या मार्कांनी पास होतात, हेही खरं. एका गणिताला दोन वाटांनी जाऊन आलेलं मूल परीक्षेत सहसा हरवत नाही.

असा हा माणूस. आणि अशा माणसाला आम्ही, त्याच्याच नातलगांनी, भांडण मिटवायला मोहगावला नेलं.

भांडण होतं ताईंच्या आणि माझ्या बायकोच्या दोन मामेभावांचं. थोरले गणपतराव, धाकटा वसंता. दोघांचा मिळून संत्र्याचा एक बगीचा, एक विहीर, एक मोटर. संत्र्याला फूल आणायची आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, जमीन सुकू द्यायची, पानं जरा मलूल होऊ द्यायची. याला ताण देणं म्हणतात. मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं, की झाड फुलतं. दोघे भाऊ जन्मभर हेच करत आले. त्यात वाद नव्हता. वाद होता, झाड का फुलतं याचा. गणपतराव म्हणत, झाडाला जिवावर बेतणारी तहान लागते, आणि त्या भीतीनं ते फुलतं. वसंता शेतकीचे वर्ग करून आलेला. तो म्हणे, तहान-बिहान काही नाही. पाणी तुटलं की झाडाची वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न खर्च होत नाही, फांद्यांत साठतं. साठा पुरेसा झाला की फूल येतं. करायचं दोघांनाही तेच, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

पण यंदा बोरगावला शेतकऱ्यांची एक सभा झाली आणि वसंताला बोलायला माइकवर बोलावलं. त्यानं साठ्याचं सगळं छान समजावून सांगितलं आणि शेवटी बोलण्याच्या भरात म्हणाला, "जुने लोक म्हणतात झाडाले तहान लागते. आता त्या गोष्टी सोडा." लोक हसले. जुने लोक म्हणजे गणपतराव पहिल्याच रांगेत बसले होते. ते उठले, धोतर सावरलं आणि कोणाकडे न बघता घरी आले. त्या दिवसापासून दोघांत बोलणं बंद. गणपतरावांनी वाटणी मागितली. बगीच्याच्या मधोमध टाकायला काटेरी तार आली. विहिरीवर दुसरी मोटर बसवायची बोलणी सुरू झाली. विहीर काही दोन मोटरींची नव्हती. ते दोघांनाही कळत होतं आणि दोघेही कळत नसल्यासारखं वागत होते.

तर आम्ही रविवारी गेलो. ताई, माझी बायको, मी आणि साडू. ताईंनी वाटेत साडूंना बजावलं होतं, "तुमी फक्त एवढंच म्हणा, की दोघंबी एकच गोष्ट सांगून राहिले. बाकी काही बोलू नका." साडू खिडकीबाहेर बघत होते. कानटोपी होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बगीच्यात बाज टाकली होती. गणपतराव एका टोकाला, वसंता दुसऱ्या, मध्ये तारेचं बंडल. ताईंनी सुरुवात केली. "दादा, वसंता, काहून भांडता? तहान म्हणा, साठा म्हणा, दोन्ही एकच तर आहे!"

साडूंचा हात चष्म्याकडे गेला.

"एकच? ते कसं काय?"

ताईंनी डोळे मिटले. साडू मात्र बाजेच्या मध्यात, थेट तारेच्या बंडलावर जाऊन बसले, टोचलं म्हणून उठले आणि उभ्यानंच म्हणाले, "एक आहे का नाई, ते पाहून घेऊ नं. दादा, तुमी आता तहान हा शब्द काढायचा नाई. तुमचं सारं वसंताच्या भाषेत सांगा."

"मी काहून त्याच्या भाषेत सांगू?" गणपतराव म्हणाले.

"त्याची भाषा समजली नाई तर तो चूक आहे हे तुमाले कसं समजलं?"

गणपतराव कडू औषध घ्यावं तसं तोंड करून म्हणाले, "डिसेंबरात पाणी तोडलं, की... वाढ थांबते. साठा व्हायले लागते."

"अन् मुरमाच्या जमिनीत तहान लवकर लागते, असं तुमी नेहमी म्हणता. ते?"

"मुरमात पाणी टिकत नाई, तर वाढ लवकर थांबते. साठा लवकर होते." गणपतराव स्वतःच दचकले. "असंच आहे का रे वसंता?"

भावाशी बोललेलं ते सभेनंतरचं पहिलं वाक्य. वसंता जमिनीकडे बघत म्हणाला, "हाव दादा. असंच."

मग वसंताची पाळी. त्याला 'साठा' म्हणायचं नव्हतं, 'तहान' म्हणायचं होतं. शिकलेला माणूस, त्याला आणखी जड गेलं. पण साडूंनी त्याला सोडलं नाही. जास्त ताण दिला तर पानं का गळतात, म्हाताऱ्या झाडाला कमी ताण का पुरतो, पानं किडीनं खाल्ली तर फूल का कमी येतं, एकेक वाक्य तहानेच्या भाषेत न्यायचं आणि परत आणायचं. कुठं अडलं तर गणपतरावच पुढे वाकून सांगायचे, "असं म्हण नं, पानं नसलं तर झाडाले तहान समजतच नाई." वसंता हसला. गणपतरावांची बायको चहा घेऊन आली आणि दोघे भाऊ बाजेवर एकमेकांजवळ सरकून बसलेले पाहून कपबशा हातात धरून तशीच उभी राहिली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बायकोनं मला कोपर मारलं, म्हणजे बघा, तुम्ही उगीच नावं ठेवता. तिन्हीसांजेच्या आत आम्ही घरी पोचू आणि तार दुकानदाराला परत जाईल, असं मला वाटायला लागलं.

"थांबा," साडू म्हणाले. "एक वाक्य राहिलं. ताण चालू आहे अन् मधातच पाऊस आला तर?"

"मंग काय," गणपतराव म्हणाले, "तहान मोडली. पहिल्यापासून ताण द्या."

"आता वसंताच्या भाषेत सांगा."

"साठा... साठा मोडला."

"साठा काहून मोडते दादा?" वसंता सहज म्हणाला. "पावसानं फांदीतलं अन्न वाहून जाते का? जेवढा होता तेवढा आहे. ठरलेल्या दिवशीच पाणी सोडायचं."

आणि आमचे साडू, मुलगा पहिला आल्याचं सांगावं अशा उल्हासानं, दोन्ही हात वर करून म्हणाले, "वाक्य परत नाई आलं! दोन्ही एक नाईत! सारखे आहेत, पण एक नाईत!"

पुढचं सांगत नाही. ताई गाडीत जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. समेट तोंडाशी आला होता आणि या माणसानं एका पावसासाठी तो उधळला, अशी सगळ्यांची भावना होती. साडू एवढंच म्हणाले, "खोट्या 'एकच'वर समेट केला असता, तर पहिल्या पावसात तुटला असता." ताई म्हणाल्या, "हिवाळ्यात कुठला पाऊस येते?"

पाऊस आला. संक्रांतीच्या आधी, ऐन ताणात, अवकाळी. असा आला, की आमच्या दुकानासमोर गुडघाभर पाणी साचलं. मी पहिला विचार मोहगावचा केला. आता तार लागणार, असं धरून चाललो. आणि संध्याकाळी ताईंचा फोन, आवाज बारीक. "दादाचा फोन आलता ह्यांले. भांडले नाई. म्हणाले, भाऊजी, पाऊस आला, आता काय? तो ठेवला तं वसंताचा आला. तोबी तेच विचारून राहिला." ज्या प्रश्नावरून समेट मोडला होता, तो प्रश्न आभाळानं दोघांच्या अंगणात आणून टाकला होता, आणि त्याचं उत्तर दोघांपैकी कोणालाच छातीठोकपणे माहीत नव्हतं.

साडू दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मोहगावला गेले. त्यांनी तोडगा काढला, अर्धा बगीचा दादांच्या मतानं चालवायचा, म्हणजे ताण पहिल्यापासून आणि पाणी उशिरा. अर्धा वसंताच्या मतानं, ठरल्या दिवशी पाणी. दोन्ही अर्ध्यांत थोडी काळी जमीन, थोडा मुरूम, कोणावर अन्याय नको. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी आणखी एक मेख मारली. वसंताच्या मताचा अर्धा गणपतरावांनी सांभाळायचा आणि दादांच्या मताचा वसंतानं. "म्हंजे मागून कोणी म्हणायले नको, की मुद्दाम हयगय केली." ठरल्या दिवशी गणपतरावांनी स्वतःच्या हातानं मोटर सुरू करून, स्वतःला पटत नसलेलं पाणी धाकट्याच्या मताच्या झाडांना दिलं. आळी भरली का नाही ते वाकून वाकून पाहिलं. आणि वसंता, पाणी सोडावंसं वाटत असूनही, दादांच्या मताच्या वाळत चाललेल्या झाडांपाशी रोज जाऊन हात बांधून उभा राहायचा. एक जण दुसऱ्याची जोखीम अशी जिवापाड सांभाळत होता.

साडू दर रविवारी जायचे. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून माझ्या मोटरसायकलवर मागे बसून. फेब्रुवारीत वसंताच्या मताचा अर्धा बगीचा हिरवागार झाला. कोवळी, पोपटी पानं इतकी, की डोळे निवावेत. वसंता मिशीवर हात फिरवायला लागला. पण दिवस गेले आणि पानांत कळी दिसेना. इकडे दादांच्या मताच्या झाडांना उशिरा पाणी बसलं, आणि होळी यायच्या आत एका सकाळी ती झाडं अशी फुलली, की रस्त्यावरून जाणारी माणसं सायकली थांबवून वास घ्यायला लागली.

तो रविवार मी विसरणार नाही. आम्ही पोचलो तेव्हा गणपतराव आपल्या फुललेल्या अर्ध्यात नव्हतेच. ते वसंताच्या पानांच्या अर्ध्यात, त्याच्या शेजारी उभे होते. जिंकलेला माणूस असा उभा असलेला मी पाहिला नव्हता. वसंतानं एक कोवळा शेंडा खुडला, बोटांत चुरला.

"दादा, यानं खाल्लं."

"काय खाल्लं?"

"साठा. पाऊस आला, झाडानं ही नवती फेकली. एवढी पालवी काढायले झाडाले अन्न लागते का नाई? सारा साठा यातच गेला. फुलाले काही उरलं नाई. हे माझ्या सांगण्यातून सुटलंच होतं."

गणपतराव त्या पानांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मतलब... मी तहान मोडली म्हणतो, ते हेच?"

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या साडूंनी माझा दंड इतका घट्ट धरला, की बोटं उमटली. "दादा," ते म्हणाले, "आता हे वसंताच्या भाषेत सांगा. मधात पाऊस आला तर?"

"मधात पाऊस आला तर," गणपतराव एकेक शब्द ठेवत म्हणाले, "नवती येते. नवती साठा खाते. साठा पहिल्यापासून करा."

"वसंता, दादाच्या भाषेत!"

"तहान मोडली," वसंता म्हणाला. "पहिल्यापासून ताण द्या."

"परत आलं!" साडू ओरडले. "परत आलं! वाक्य परत आलं!" त्यांनी डोक्यावरची कानटोपी काढून वर भिरकावली. ती संत्र्याच्या काट्यात अडकली, तिकडे लक्षही न देता हा शाळेतला प्रतिष्ठित माणूस झाडांच्या ओळींतून पळत सुटला. पायांखाली ढेकळं, एका चपलेचा अंगठा तुटलेला, आणि तोंडानं एकच घोष. बांधावर काम करणाऱ्या बायांना वाटलं, यांना काही चावलं. गणपतराव हसता हसता खाली बसले. वसंतानं पळत जाऊन साडूंना धरलं आणि उचललं. मग गणपतरावही उठले, आणि तिघे त्या फुलांच्या आणि पानांच्या सीमेवर एकमेकांच्या गळ्यात पडून असे काही ओरडत होते, की कोणाचं काय चाललंय ते कळू नये. आता तहानेनं सांगा की साठ्यानं सांगा, वाट्टेल त्या वाक्याला नेऊन आणा, काही सांडत नव्हतं. कोणाच्या मताला सोडचिठ्ठी मिळाली नाही, कोणी खोटं पडलं नाही. दोघांनी जन्मभर एकच गोष्ट दोन भाषांत सांगितली होती, फक्त एका भाषेत एक वाक्य कमी होतं. ते त्या सकाळी भरून आलं.

तार पुढे गोठ्यामागच्या भाजीला रानडुकरांपासून राखायला कामी आली. अर्धा बहार गेला त्याची दोघांनी मिळून हळहळ केली, पण भांडण म्हणून कोणी त्याचा उल्लेख केला नाही. बोरगावला पुन्हा सभा झाली तेव्हा वसंता थोरल्या भावाला हाताला धरून वर घेऊन गेला आणि माइकवर म्हणाला, "मी साठा म्हणतो, माझे दादा तहान म्हणतात. गेल्या वेळी मी हसण्यावारी नेलं, ते गलत होतं. दोन्हीचा मतलब एक आहे, अन् ते आमी करून पाहिलेलं आहे." मग गणपतरावांनी माइक घेतला. त्यांना माइकची सवय नाही, ते त्यात ओरडलेच. त्यांनी धाकट्याचं सगळं म्हणणं, साठ्यापासून नवतीपर्यंत, धाकट्याच्याच शब्दांत सांगितलं, एकदाही न अडखळता. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत आमचे साडू बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. ओठ हलत होते, कारण ते मनातल्या मनात प्रत्येक वाक्य तहानेच्या भाषेत नेऊन परत आणत होते.

सभा संपल्यावर दोघा भावांनी साडूंना सोडलंच नाही. समोसे, चहा, पुन्हा चहा, आणि गणपतराव विचारत होते, "भाऊजी, मंग तुमच्या शास्त्रातबी असं सुटलेलं वाक्य राहते का?" साडू झोके घेणाऱ्या गोळ्याबद्दल सांगत होते, बलाबद्दल, ऊर्जेबद्दल. हवा त्या गोळ्याला अडवते तेव्हा ऊर्जेच्या वाटेवर काय सांडतं, ते मोजून कसं घ्यावं लागतं, असं बरंच. मला कळत नव्हतं. ते दोघे मात्र मधून मधून प्रश्न विचारत होते, आणि वसंतानं तर बशीवर चमच्यानं ठकठक करून, "थांबा, हे पुन्हा सांगा," असं म्हटलं. साडूंनी पुन्हा सांगितलं. इतकं सावकाश बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर मोटरसायकलवर मागे बसून ते नेहमी माझ्या कानाशी बोलत असतात, पण त्या संध्याकाळी फक्त एका हातानं माझा खांदा धरून बसले होते. सौंसरला घराशी मी त्यांना उतरवलं. ताई दारातच उभ्या होत्या.

"बोलले का दोघं?" त्यांनी विचारलं.

"हाव. बोलले." साडू पायरीवर बसून बुटाची नाडी सोडायला लागले. गाठ सुटेना. नाडीकडेच बघत ते म्हणाले, "माझ्याशीबी बोलले."

ताई खाली वाकल्या आणि गाठ त्यांनीच सोडली.